आडनावामागे दर वेळी शूर पूर्वजच कसा निघतो?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत आडनावांवर वाचकांची पत्रं येतात ती मी आवडीने वाचतो, पण आता थोडं बोलायलाच हवं असं वाटायला लागलंय, कारण गोष्ट दर वेळी तीच असते. एक मूळपुरुष असतो, एक संकट येतं, तो काहीतरी भलताच पराक्रम करतो, राजा खूश होतो आणि भर दरबारात त्याला आडनाव बहाल करतो. अहो एवढे राजे, एवढे दरबार, आडनावं वाटण्यापलीकडे त्यांना काही कामधंदा होता की नाही? कारकुनाने वहीत काहीतरी लिहून टाकलं, शेजाऱ्यांनी चिडवलं ते चिकटलं, दुसऱ्या गावात गेल्यावर लोकांनी आपापलं नाव पाडलं, असं एकाही वाचकाच्या घराण्यात कधी झालेलं दिसत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. जगात बहुतेक ठिकाणी आडनाव पक्कं झालं ते दरबारात नाही, वहीत. सारा वसूल करायचा, शिपाई भरती करायचे, बाप्तिस्मे आणि लग्नं नोंदवायची, जमीन कोणाच्या नावावर ते ठरवायचं, या सगळ्यासाठी सरकारला नाहीतर चर्चला माणूस नेमका ओळखता यायला हवा होता आणि एकाच गावात एकाच नावाचे दहा-वीस जण असले की भागत नव्हतं. म्हणून कोणीतरी पुढे काहीतरी लिहिलं आणि ते मुलाला, नातवाला लागत गेलं. गोष्ट नंतर आली, आणि बऱ्याचदा आडनावाची फोड करूनच आली. गोडबोले म्हणजे गोड बोलणारा कोणी पूर्वज, झालं. फोड बरोबर असेलही, मी नाही म्हणत नाही, पण फोड म्हणजे पुरावा नव्हे, आणि ज्या गोष्टीत आडनावाच्या अक्षरांपलीकडे एकही तपशील नसतो ती गोष्ट अक्षरांवरूनच सुचलेली असणार असा संशय घ्यायला हरकत नाही.

आता शूर आडनावांचंच घ्या. तुर्कस्तानात यिल्माझ हे आडनाव अतिशय कॉमन आहे, अर्थ काय तर न डगमगणारा. देमीर म्हणजे लोखंड, काया म्हणजे खडक, ओझतुर्क म्हणजे अस्सल तुर्क. वाचून वाटेल काय ही रणमर्द घराणी, पण तिथे आडनावाचा कायदाच झाला १९३४ साली. त्याआधी बहुतेकांना कायमचं असं आडनाव नव्हतं, अमक्याचा मुलगा किंवा तमक्या गावचा एवढ्यावर चालत होतं. कायदा आला, मुदत दिली गेली, लोक ऑफिसात गेले आणि चांगलंसं बघून नाव लिहून आले. म्हणजे न डगमगणारा तो पूर्वज नोंदणीच्या रांगेत उभा होता आणि फार जुनाही नव्हता, काहींचे तर आजोबाच. त्याच वर्षी तिथल्या संसदेने राष्ट्राध्यक्ष मुस्तफा कमालला अतातुर्क हे आडनाव दिलं आणि ते दुसऱ्या कोणी घ्यायचं नाही असंही ठरवून टाकलं. पाशा, बे, एफेंदी वगैरे पदव्याही काढून टाकल्या.

स्वीडनची गोष्ट मला याहून आवडते. तिथे १६८२ नंतर अशी व्यवस्था होती की ठरावीक शेतवाड्यांनी मिळून एक शिपाई पोसायचा, त्याला एक छोटं घर आणि जमिनीचा तुकडा द्यायचा. आता गावोगावचे शिपाई जमले की सगळेच अँडर्सचे मुलगे अँडर्सन नाहीतर योहानचे मुलगे योहानसन, हाक मारली की अर्धी तुकडी ओ देणार. म्हणून भरतीच्या वेळी त्यांना छोटी, कडक आडनावं चिकटवायचे. मोदिग म्हणजे धीट, तापर म्हणजे शूर, रास्क म्हणजे चपळ, स्तोल म्हणजे पोलाद. आणि गंमत पुढे आहे, तो शिपाई मेला किंवा सुटला की त्या घरात नवा शिपाई यायचा आणि बऱ्याचदा आधीच्याचंच आडनाव त्याला मिळायचं. रक्ताचा काही संबंध नाही, घर तेच म्हणून आडनाव तेच. आता त्यांच्या वंशजांनी आमचा मूळपुरुष फार धीट होता म्हणून तिथल्या पेपरला पत्र लिहिलं तर काय करायचं?

आणि माणसाला निवडायला सांगितलं की तो काय निवडतो हेही पाहा. मंगोलियात कम्युनिस्टांच्या काळात कुळाची नावं बंद केली होती, दोन-तीन पिढ्यांत बहुतेक लोक आपलं कुळ विसरूनही गेले. मग १९९० नंतर राज्य बदललं, पुन्हा कुळनाव घ्यायला सांगितलं, तर एवढ्या मोठ्या संख्येने लोकांनी बोर्जिगिन हे चंगीझ खानाच्या कुळाचं नाव घेतलं की आडनावाचा उद्देशच फसला. एका माणसाने मात्र वेगळं केलं, १९८१ साली अंतराळात गेलेला गुर्राग्चा. त्याने आडनाव घेतलं सन्सार. मंगोल भाषेत त्याचा अर्थ अंतराळ, आणि शब्द मूळचा आपलाच संसार, बौद्ध ग्रंथांबरोबर तिकडे गेलेला. मला तर हे आडनाव चंगीझ खानापेक्षा भारी वाटतं, कारण यात स्वतः केलेलं काहीतरी आहे.

तरी राजाने आडनावं वाटली असं खरोखर एका ठिकाणी झालंय, अगदी नाही असं नाही. थायलंडमधे १९१३ साली राजा वजिरावुध, म्हणजे सहावा राम, याने आडनावाचा कायदा केला आणि सहा हजारांच्या वर घराण्यांना स्वतः आडनावं बनवून दिली, बरीचशी पाली-संस्कृतमधून. तिथले माजी पंतप्रधान अभिसित यांचं आडनाव वेज्जाजीव, त्यातलं वेज्ज म्हणजे आपलं वैद्य, कारण त्यांच्या पूर्वजांपैकी एक जण सैन्याच्या वैद्यकीय खात्यात होता. पण इथेच माझा मुद्दा येतो. राजाने खरंच दिलं तर यादी राहते! त्या सगळ्या आडनावांची नोंद आहे, कोणाला दिलं तेही लिहिलेलं आहे. आणि एवढं राजाने दिलेलं आडनाव थाई लोक रोजच्या व्यवहारात वापरतच नाहीत, मंत्र्यापासून गुरुजींपर्यंत सगळे पहिल्या नावानेच ओळखले जातात, घरात तर टोपणनावाने.

दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. आडनावावरून माणसाचं रक्त, मूळ देश, कुळ, सगळं ओळखू येतं असा जो समज आहे तो. फिलिपिन्समधे अर्ध्याअधिक माणसांची आडनावं स्पॅनिश वाटतात, म्हणून पूर्वज स्पेनहून आले असं समजू नका. १८४९ साली तिथल्या क्लावेरिया नावाच्या गव्हर्नरने हुकूम काढला, कारण लोकांनी बाप्तिस्म्यानंतर देवाधर्माची तीच ती नावं घेतली होती, दे ला क्रुझ, दे लोस सांतोस, एकाच घरात भावाभावांची नावं वेगळी, कर गोळा करायचा कसा? मग साधारण ६१ हजार आडनावांचं एक कॅटलॉगच छापलं, त्यात स्पॅनिश होती तशी तिथल्या भाषांतली, झाडांची, वस्तूंचीही होती, आणि त्या कॅटलॉगची पानं गावागावांना वाटून दिली. या गावाला हे पान, त्या गावाला ते पान. त्यामुळे अल्बाय प्रांतातल्या ओआस गावी आडनावं र पासून सुरू होतात. तिथे आडनावाचं पहिलं अक्षर पाहून गाव कळू शकतं, पण वंश कळत नाही. आपल्याकडे गोव्यात फर्नांडिस, डिसोझा, परेरा झाले तेही असेच, धर्मांतराच्या वेळी पाद्र्याचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव मिळालं.

अमेरिकेत वॉशिंग्टन आडनावाचं उदाहरण आहे. पहिल्या अध्यक्षाचं नाव म्हणून ते अस्सल गोऱ्यांचं वाटेल, पण २००० सालच्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाचे जवळजवळ ९० टक्के लोक कृष्णवर्णीय निघाले. गुलामगिरीत मालकाच्या वहीत बहुतेक नुसतं पहिलं नाव असायचं, १८६५ नंतर मुक्त झालेल्यांना आडनाव सांगावं लागलं, कोणी आधीपासून आपापसात वापरत होते ते सांगितलं, कोणी मालकाचं, कोणी देशातलं मोठं नाव घेतलं. कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्सने लिटल हे आडनाव टाकून एक्स लावलं ते याच रागातून, की खरं काय होतं ते हिरावून घेतलंय तर तिथे अज्ञाताची खूणच राहू दे.

कोरियात तर दर पाच माणसांत एक किम आहे, किम, ली आणि पार्क मिळून जवळजवळ निम्मा देश होतो. सगळे राजवंशी? तसं नाही. जुन्या काळी गुलामांना आणि बऱ्याच सामान्य लोकांना आडनावच नव्हतं. पुढे वंशावळींची खरेदी-विक्री सुरू झाली, पैसे देऊन मोठ्या घराण्याच्या वंशावळीत नाव घुसवायचे, आणि १९०९ च्या नोंदणी कायद्यानंतर उरलेल्यांनाही आडनाव घ्यावं लागलं, मग घ्यायचंच तर छोटं कशाला घ्या! आणि एवढं होऊनही एकाच आडनावाच्या आणि एकाच मूळस्थानाच्या मुलामुलीने लग्न करायचं नाही हा कायदा तिथे चालूच होता. लाखो लोक एका कुळात, प्रेम जमलं आणि दोघंही किमहे या मूळस्थानाचे किम निघाले की संपलं. १९९७ मधे तिथल्या घटना न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला आणि २००५ मधे तो कायद्यातून गेला. आपल्याकडे सगोत्र विवाहाला कायद्याने मान्यता १९४६ सालीच मिळाली, पण कायद्याने मिळाली आणि डोक्यात उतरली यातलं अंतर मी इथे सांगत बसत नाही.

मराठी आडनावांकडे येतो, नाहीतर म्हणाल हा जगभर फिरतोय आणि घरचं सोडतोय. फडणीस, चिटणीस, पोतनीस, पारसनीस, कारखानीस, यातलं शेवटचं नीस म्हणजे फारसी नवीस, लिहिणारा. म्हणजे मी मघापासून ज्या कारकुनाबद्दल बोलतोय त्यानेच स्वतःचं कामही आडनाव म्हणून लावून घेतलं. कुलकर्णी, देशपांडे गावचा आणि परगण्याचा हिशेब ठेवायचे, मुजुमदार जमाखर्च तपासायचे, आणि हेच पद बंगालमधे मजुमदार म्हणून सापडतं कारण मुसलमानी राजवटीतली दफ्तराची भाषा दोन्हीकडे फारसी. नाना फडणविसांचं मूळ आडनाव भानू, पेशव्यांचं भट. पद वंशपरंपरेने चालू राहिलं की तेच आडनाव होऊन बसतं. स्कॉटलंडच्या राजघराण्याचं स्टुअर्ट हे आडनावही असंच, मूळचे ते राजवाड्याचा कारभार बघणारे स्ट्यूअर्ड, पुढे स्वतःच राजे झाले.

पद आडनाव झालं याचा दुसरा अर्थ असा की आडनाव जातीचं सर्टिफिकेट नव्हे. पाटील आणि देशमुख किती जातींत आहेत ते तुम्हालाही माहीत आहे, मुसलमानांतही आहेत. तरी पहिल्या ओळखीत नाव सांगितल्यावर समोरचा थांबतो आणि विचारतो, पाटील म्हणजे कुठले पाटील? त्या कुठले मधे जे विचारायचंय ते सगळ्यांना कळतं. तुमच्या सदराने या सवयीला खतपाणी घालू नये असं मला मनापासून वाटतं, कारण काही पत्रांत आडनावाची गोष्ट कमी आणि आम्ही वरचे हे सांगणं जास्त असतं.

गावावरून पडलेली कर आडनावं तर आणखी बोलकी आहेत. आपल्याच गावात राहणाऱ्याला त्या गावाचा कर म्हणून काय उपयोग, सगळेच तिथले. माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की लोक म्हणतात तो पेणकर, तो रोहेकर. म्हणजे बऱ्याच करांच्या घराण्यात पहिली गोष्ट पराक्रमाची नसून स्थलांतराची असणार, दुष्काळ, कर्ज, भाऊबंदकी, नोकरी, काहीही. आणि पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर ही आडनावं कोकणातल्या बेने इस्रायल ज्यू लोकांची आहेत हे किती जणांना माहीत असतं? तेच गाव, तीच पद्धत, धर्म वेगळा. कोकणी मुसलमानांतही करांची कमी नाही. अरबांत हाच प्रकार नुसता ई लावून होतो, बुखाराचा तो बुखारी, शिराझचा शिराझी. नवव्या शतकात बगदादला काम करणारा गणिती ख्वारिझम प्रांताचा म्हणून अल-ख्वारिझमी, आणि त्याचंच नाव लॅटिनमधून घासत घासत आजचं अल्गोरिदम झालं, आता मोबाईलवर काय दिसायचं ते एका माणसाच्या प्रांताच्या नावाने ठरतंय. स्वतः होऊन कर लावणारेही असतात. मास्टर दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर लावलं, ती निवड होती आणि ती तशीच सांगितली जाते, त्यात दरबार घुसडावा लागत नाही.

जपानमधे उलट, तिथे गावापेक्षा शेतबांधाची आडनावं फार. तानाका म्हणजे भातखाचरातला, यामामोतो डोंगराच्या पायथ्याचा, कोबायाशी छोट्या रानाचा. सामान्य माणसाला तिथे जाहीरपणे आडनाव लावायची परवानगी १८७० मधे मिळाली आणि १८७५ मधे सक्ती झाली.

चिडवून पडलेल्या आडनावांबद्दल मात्र आपल्याकडे फारच लाज. टकले, ढेरे, लंगडे, बोबडे, नकटे यांच्यापैकी कोणाचं पत्र तुमच्याकडे आल्याचं मला आठवत नाही. का येऊ नये? स्कॉटलंडमधे कॅम्पबेल आणि कॅमेरॉन ही केवढी मोठी घराणी, कॅम्पबेलचा अर्थ वाकड्या तोंडाचा आणि कॅमेरॉनचा साधारणपणे वाकड्या नाकाचा असा लावतात. तोलस्तोय म्हणजे लठ्ठ. गोर्बाचेव्हच्या मुळाशी कुबडा आहे, ख्रुश्चेव्हच्या मुळाशी एक किडा. प्राचीन रोमचा वक्ता सिसेरो, त्याचं नाव म्हणजे तर हरभरा, पूर्वजाच्या नाकावर तसला मस होता असं सांगतात, मित्र म्हणाले राजकारणात पडतोयस तर नाव बदल, तो म्हणाला नाही, हेच नाव मोठं करून दाखवतो, आणि दाखवलं. (ही गोष्टही ऐकीवच, पण निदान यात राजा नाही.)

याच रांगेत दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली नावं येतात. धोंडू, दगडू, केरू, भिकाजी. आधीची मुलं गेली म्हणून मग या मुलाला दगड म्हणायचं, केर म्हणायचं, म्हणजे मृत्यूला वाटावं ही वस्तू न्यायच्या लायकीची नाही. मंगोलियात नेर्गुई म्हणजे बिननावाचा, एनेबिश म्हणजे हा नव्हे, खुनबिश म्हणजे माणूस नव्हे. रशियात नेक्रास म्हणजे देखणा नसलेला, त्यावरून नेक्रासोव आडनाव. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या लोकांनी मृत्यूला फसवायची एकच युक्ती काढली, आणि या नावांमागे एवढी माया आहे की मला तर राजाने दिलेल्या नावापेक्षा दगडू ऐकलं की जास्त भरून येतं. पण नकोशी हे नाव यात बसत नाही हे नीट लक्षात घ्या, लोक दोन्ही एकाच पोत्यात भरतात. दगडूला ठेवून घ्यायचं होतं. नकोशीला नको म्हणून सांगायचं होतं, आता मुली पुरे, पुढचा मुलगा दे. चीनमधे याच अर्थाचं झाओदी नाव मुलींना ठेवतात, धाकट्या भावाला बोलावून आण. २०११ मधे सातारा जिल्ह्यात अशा २८० च्या वर मुलींची नावं कार्यक्रम करून बदलली, बऱ्याच मुलींनी स्वतःचं नाव स्वतः निवडलं. आडनाव-नावांच्या इतिहासात मला ही घटना कुठल्याही दरबारापेक्षा मोठी वाटते आणि तुमच्या सदरात तिचा उल्लेख एकदाही झाल्याचं मला आठवत नाही.

नाव नसलेल्याला नंबर देणारं सरकारही होऊन गेलंय. कॅनडाने १९४१ पासून उत्तरेकडच्या इनुइट लोकांना नंबर कोरलेले बिल्ले दिले, गळ्यात घालायचे किंवा जवळ ठेवायचे, कारण त्यांच्या पद्धतीत आडनाव नव्हतं, गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देत, मुलगा-मुलगी असा भेदही नाही, आणि हे इंग्रजी फॉर्ममधे कुठे बसणार! शेवटी १९६८ ते १९७१ मधे एब ओक्पिक हा त्यांच्यातलाच माणूस वस्त्यावस्त्यांतून फिरला, घरोघरी विचारून आडनावं नोंदवली आणि नंबर गेले. इथे नोंद करणारा माणूस विचारत होता हा फरक आहे.

सगळा दोष कारकुनाचाच असतो असंही नाही. अमेरिकेत असंख्य कुटुंबं सांगतात की न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर उतरलो तेव्हा अधिकाऱ्याने आमचं आडनाव बदललं. प्रत्यक्षात ते अधिकारी बोटीबरोबर आलेल्या यादीवरून नाव तपासायचे, यादी निघालेल्या बंदरात बनलेली असायची. बदल बहुतेकांनी पुढे स्वतः केले, नोकरी मिळावी, शेजारी हसू नयेत म्हणून. आजोबांनी घाबरून नाव बदललं हे सांगायला जड जातं, अधिकाऱ्यावर ढकललं की हलकं वाटतं. नेदरलँड्समधे तसंच, नेपोलियनच्या १८११ च्या हुकमाने आडनावांची नोंद सक्तीची झाली तेव्हा लोकांनी चेष्टा म्हणून नाक्तगेबोरेन, म्हणजे नागडा जन्मलेला, असली आडनावं लिहून दिली अशी कथा आहे. पण हे आडनाव नेपोलियनच्या आधीपासून आहे, आणि ते बहुधा जर्मन नाखगेबोरेनचं बिघडलेलं रूप, म्हणजे बाप वारल्यानंतर जन्मलेलं मूल. विनोदाची गोष्ट दोनशे वर्षं सांगितली गेली आणि खाली पोरक्या मुलाची होती.

नव्या बाळांच्या नावांचं काय सांगावं. रेयांश म्हणजे विष्णूचा अंश, सूर्याचा अंश, प्रकाशाचा अंश, ज्या वेबसाईटवर जाल तिथे वेगळा अंश, आणि संस्कृत कोशात शोधा, मिळणार नाही. कियाराचं तर फारच झालंय, आयरिश नाव असेल तर अर्थ काळीसावळी आणि इटालियन असेल तर उजळ, आईबापांनी आपल्याला हवा तो घ्यावा. नाव ठेवू नका असं मी म्हणत नाही, कानाला गोड आहे ठेवा की, फक्त वेदांमधे आहे म्हणून सांगू नका. खऱ्या नावांचा प्रवास याहून मजेदार असतो, हिब्रू योहानानपासून जॉन, हान्स, इव्हान, हुआन, जाँ, शॉन आणि अरबीतला याह्या, एवढी मंडळी एकाच नावाची आहेत आणि शाळेत एका बाकावर बसली तरी एकमेकांना ओळखणार नाहीत.

बायकांबद्दल दोन वाक्यं लिहितो, खरं तर स्वतंत्र पत्र व्हायला हवं. घराण्याची गोष्ट सांगताना जिचं आडनाव लग्नात गेलं आणि कित्येकदा पहिलं नावसुद्धा बदललं तिच्या बाजूची गोष्ट कोण सांगणार? चीन, कोरिया, इथिओपिया इथे बाई लग्नानंतर आपलंच नाव लावते, कॅनडाच्या क्विबेक प्रांतात तर १९८१ पासून लग्नामुळे नवऱ्याचं आडनाव घेताच येत नाही, आणि जपानमधे कायद्याने जोडप्याचं आडनाव एकच हवं, कोणाचंही चालेल असं कायदा म्हणतो पण बदलते बहुतेक तीच. आइसलँडमधे बहुतेकांना आडनावच नाही, बापाच्या किंवा आईच्या नावापुढे मुलगा की मुलगी एवढंच, १९८० मधे राष्ट्राध्यक्ष झालेल्या विग्दिस फिनबोगादोत्तिर म्हणजे फिनबोगीची मुलगी विग्दिस, आणि फोनबुकातही पहिल्या नावानेच शोधायचं. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आला आहे. पन्नास वर्षांनी या मुलांची मुलं जेव्हा पेपरला पत्र पाठवतील तेव्हा त्यांच्याकडे निदान आजीचं नाव तरी लिहिलेलं असेल.

तर संपादक साहेब, सदर बंद करा असं माझं अजिबात म्हणणं नाही, फक्त पत्र मागवताना तीन गोष्टी विचारा. हे आडनाव घरात सगळ्यात जुन्या कुठल्या कागदावर आहे आणि त्यावर साल काय. त्याआधी काही वेगळं आडनाव होतं का. आणि हेच आडनाव तुमच्या जातीबाहेर, धर्माबाहेर कोणाकडे आहे का. घरातली खरेदीखतं, सातबारे, शाळेचे जुने दाखले, तीर्थाच्या पंड्यांच्या वह्या, याच्यात जे सापडतं ते छापा, राजा सापडला तर राजाही छापा, माझी काही तक्रार नाही. आणि एक रविवार फक्त टकले, ढेरे, बोबडे, लंगडे मंडळींसाठी ठेवा, त्यांची पत्रं वाचायला मी सगळ्यात आधी पेपर उघडीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पुरवणीचा एक जुना वाचक